उंबरावरचा जक्कय आणि बुधवारची यादी

रूथ आणि एबेन,

परवा फोनवर रूथने विचारले, शाळेत आजी-आजोबांच्या कामावर पानभर लिहून न्यायचे आहे, तर आजी, तू काय काम करायचीस? तुमच्या बाबाने पाठीमागून परस्पर उत्तर दिले, "इंग्रजीची टीचर होती." उत्तर चूक नाही. एकतीस वर्षे मी मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवले, त्याचा पगार घेतला, आता पेन्शन घेते. पण त्या कामावर पानभर लिहायला बसले तर अर्धे पान मोकळे राहील. ज्या कामाबद्दल लिहावेसे वाटते ते मी दर रविवारी सकाळी पाऊण तास करत आले आणि त्यातून मला अजून कोणी निवृत्त केलेले नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नाताळ अंकाचे संपादक तीन वर्षे माझ्यामागे लेखासाठी लागले आहेत. त्यांना मी सांगितले की मी नातवंडांना लिहीन, तुम्हाला छापायचे तर छापा. रूथने यातले हवे तेवढे पानभर घ्यावे.

तुम्ही तिकडे टोरांटोत ज्याला संडे स्कूल म्हणता त्याला आमच्या जुन्या मंडळ्यांत शब्बाथशाळा म्हणतात. मोठ्यांची उपासना साडेनऊला. त्याआधी साडेआठ ते सव्वानऊ मुलांचे वर्ग. माझ्याकडे बालवर्ग, म्हणजे पाच ते आठ वर्षांची मुले. देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) बाजूच्या पडवीत सतरंजी टाकायची, हजेरी, एक गाणे, मागच्या रविवारी पाठ करायला दिलेले सुवर्णवचन प्रत्येकाकडून म्हणून घ्यायचे, मग गोष्ट, मग नवे वचन, प्रार्थना आणि एकेक लिमलेटची गोळी. गोष्टीच्या वाट्याला यातली बारा मिनिटे येतात. तेराव्या मिनिटाला कोणाला तरी शू लागते, आणि एकाला लागली की सगळ्यांना लागते.

बाहेरून हे काम सोपे दिसते. गोष्ट तयार आहे, मुले ओळखीची आहेत. मीही एकोणिसाव्या वर्षी साताऱ्यात असेच समजून सुरुवात केली. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये माझे शिक्षण इंग्रजीत झाले होते. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टीही मी इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांतूनच पाहिल्या होत्या. त्यामुळे माझ्या डोक्यातल्या मेंढ्या गुबगुबीत आणि पांढऱ्या होत्या. साताऱ्याच्या मुलांच्या डोक्यातल्या मेंढ्या काळ्या, हडकुळ्या आणि एसटी अडवणाऱ्या होत्या. हे दोन कळप एकत्र यायला बराच काळ गेला.

पहिल्यांदा शिकले ते बसणे. खुर्चीवर बसून सांगितलेली गोष्ट मुले नुसती ऐकतात. सतरंजीवर बसून सांगितली तर ती त्यात शिरतात. सर्वांत वळवळ्या मुलाला समोर बसवायचे नाही, आपल्या गुडघ्याला लागून बसवायचे. समोर बसवले की त्याला प्रेक्षक मिळतात. गोष्ट वस्तूपासून सुरू करायची: एक जाळे होते, ओले, आणि त्यात एकही मासा नव्हता. आणि शेवटी "यातून आपण काय शिकलो" हे कधीही विचारायचे नाही. विचारले की सगळी एका सुरात "खोटे बोलू नये" म्हणतात, मग गोष्ट कोणतीही असो. योना माशाच्या पोटात तीन दिवस राहिला, त्यावरूनही माझ्या वर्गाने खोटे बोलू नये हेच काढले होते.

माझ्याकडे पाठांच्या अकरा वह्या आहेत. डाव्या पानावर पाठ, उजव्या पानावर मुलांनी काय विचारले ते. उजवी पाने जास्त उपयोगाची निघाली. सिंहांपुढे टाकलेल्या दानीएलला सोडून दिले, मग सिंहांना त्या दिवशी दुसरे काय घातले? लाजर मेला, परत उठला, मग परत मेला का? तेव्हा त्याच्या बहिणी परत रडल्या का? या शेवटच्या प्रश्नाला मी आजतागायत उत्तर दिलेले नाही.

साताऱ्यातलीच एक फजिती सांगते. दावीद नावाच्या पोराने एका दगडात धिप्पाड गल्याथाला पाडले, ती गोष्ट होती. मी पुठ्ठ्याचा दावीद कापला आणि त्याच्या हातात बेचकी दिली, रबर लावलेली, कारण लहान मुलगा आणि दगड म्हटल्यावर मला दुसरे काही सुचले नाही. वर्गात मार्कस नावाचा मुलगा होता, कोरेगावकडच्या एका खेड्यातून शिकायला साताऱ्यात मामाकडे राहिलेला. त्याने दावीदकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "बाई, ह्यानं चिमणीबी मरायची न्हाई." पुढच्या रविवारी तो आजीची गोफण घेऊन आला. शाळूच्या रानात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकायची ती, सुताची, मध्ये दगड ठेवायला विणलेली खोबण. कशी चालते ते दाखव म्हणून मीच सांगितले. मुले मागे सरकवली, त्याने दोन फेरे दिले, सट्‌ असा आवाज झाला आणि पाळकसाहेबांच्या खोलीची काच खळकन खाली आली. पाळकसाहेब दगड हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी गोफण पाहिली, मार्कसला पाहिले, मला पाहिले आणि एवढेच विचारले, "गल्याथ कुठे उभा होता?" काच बसेपर्यंत तिथे पुठ्ठा होता आणि मुले त्या पुठ्ठ्याला गल्याथ म्हणत.

त्या दिवशी मी ठरवले की चित्रांवर भरवसा ठेवायचा नाही, जी वस्तू गोष्टीत आहे ती गावात कोणाकडे आहे का ते विचारायचे. ठरवले, वहीत लिहिलेही, आणि एका झाडाच्या बाबतीत पुढची पस्तीस वर्षे विसरले.

लग्नानंतर मी सांगलीला आले आणि येताना फ्लॅनेलचा बोर्ड आणला. लाकडी फळीवर निळे फ्लॅनेल ताणलेले असते. कागदी चित्रांच्या पाठीला फ्लॅनेलचा तुकडा लावायचा, बोर्डावर दाबले की चित्र चिकटते. माझ्या बोर्डावर जक्कयाचे झाड होते. जक्कयाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तरी रूथच्या बाईंसाठी सांगते. यरीहो गावात जक्कय नावाचा जकातदार होता. परक्या सरकारसाठी तो लोकांकडून जकात वसूल करायचा, म्हणून गावात कोणालाच नको असलेला. प्रभू येशू गावात आला तेव्हा गर्दीतून जक्कयाला काही दिसेना, कारण तो बुटका होता. तो पुढे पळत गेला आणि झाडावर चढून बसला. प्रभू झाडाखाली थांबला, वर पाहिले, त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाला, उतर, आज मी तुझ्या घरी येणार आहे. गावाने नाके मुरडली. जक्कय मात्र आनंदाने उतरला.

माझे झाड मी इंग्रजी पुस्तकातून उतरवले होते. उंच, सरळ, गुळगुळीत खोड आणि टोकाला पानांचा झुबका. साधारण निलगिरी. दर वर्षी कोणीतरी विचारायचे, बुटका माणूस यावर चढला कसा? आणि दर वर्षी मी म्हणायची, धडपडत.

आमच्या देवळाच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीला लागून एक उंबर आहे. भिंतीपलीकडे तात्या राहतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, दत्ताचे भक्त. दर गुरुवारी ते फाटकातून येऊन उंबराला पाणी घालतात, प्रदक्षिणा घालतात आणि जातात. ही वहिवाट माझ्या सांगलीत येण्याच्या आधीची आहे. रविवारी ते भिंतीपलीकडे खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि माझा वर्ग ऐकतात. पेपरच्या पानांची सळसळ बारा मिनिटे थांबलेली असते, त्यावरून कळते.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी भिंतीवरून डोके काढले. "बाई, त्या बुटक्याला निलगिरीवर कशाला चढवताय दरसाल? दुसरं झाड न्हवतं व्हय तिथं?"

मी म्हणाले, "उंबर होता."

म्हणाले आणि तिथेच थांबले. आमच्या मराठी शास्त्रात उंबरच लिहिले आहे. तो शब्द मी वर्गापुढे मोठ्याने दर वर्षी वाचला होता आणि वाचता वाचता बोर्डावर निलगिरी चिकटवली होती.

तात्या म्हणाले, "मग ह्यो काय हाय?" आणि भिंतीवरची फांदी हलवून दाखवली. उंबराला फांद्या खालूनच फुटतात, खोड गाठीगाठीचे असते, पाय कुठेही ठरतो. "माझी चार वर्षांची नात चढती. तुमचा जक्कय सोळा आणे शहाणा व्हता, योग्य झाड निवडलंन्‌. तुमीच त्याला अडचणीत टाकला."

तेव्हा पुढच्या खेपेला गोष्ट बोर्डाऐवजी झाडाखाली, मुलांनीच करून दाखवायची ठरली. मी तात्यांची परवानगी मागितली. ते म्हणाले, झाड तुमच्या आवारात, मला काय विचारता. मग म्हणाले, चपला काढून चढवा आणि फांदी मोडू देऊ नका.

आता ज्या मुलीमुळे हे सगळे लिहिते आहे तिच्याकडे येते. तिचे नाव स्तुती. आठ वर्षांची, वर्गात सर्वांत उंच. जक्कयाचे काम मी सर्वांत लहान चणीच्या मुलाला देणार होते, पण स्तुतीने दोन आठवडे आधीपासून माझा पिच्छा पुरवला होता. "बाई, जक्कय मीच होणार. मला चढता येतं." शेवटी मी हो म्हटले. त्या आठवड्याच्या उजव्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेले आहे: स्तुतीला झाडावर चढण्याची हौस. इतके चुकीचे वाक्य माझ्या अकरा वह्यांत दुसरे नाही.

तिचे वडील सुनील जेसीबी चालवायचे, एका ठेकेदाराकडे. त्या वर्षी बाजाराकडच्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाले आणि कडेच्या टपऱ्या पाडायच्या ठरल्या. त्यांत सुमनबाईंची शिलाईची टपरी होती. सुमनबाई आमच्याच मंडळीतल्या, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर त्या टपरीवर त्यांनी दोन मुली उजवल्या आणि आता नातवाला, आशीषला, वाढवत होत्या. टपरी पाडली ती सुनीलने. हुकूम दुसऱ्याचा होता, पण यंत्रावर मंडळीतला माणूस बसलेला सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर उपासनेत सुनीलच्या बाकावर त्याच्या घरच्यांशिवाय कोणी बसेना. महिन्याभराने त्याने येणेच सोडले. बायको रेखा आणि स्तुती मागच्या बाकावर बसून शेवटच्या गीताआधी निघून जायच्या.

आणि आता माझा भाग. आमच्याकडे दर बुधवारी संध्याकाळी कोणा एकाच्या घरी प्रार्थना असते. कॉटेज प्रार्थना म्हणतात. वीस-पंचवीस माणसे जमतात, गीत, वचन, प्रार्थना, चहा. आपल्या घरी मंडळी यावी म्हणून लोक भिंतींना रंग देतात, उसन्या खुर्च्या आणतात. कोणाकडे कधी याची यादी गल्लीच्या क्रमाने मी करते, आधी टंकयंत्रावर, आता संगणकावर, आणि रविवारी सूचनांत ती वाचली जाते. त्या वर्षी महिला मंडळात कोणीतरी म्हणाले की सुनीलचे घर सध्या राहू दे, सुमनबाईंना त्रास नको. मला ते समंजसपणाचे वाटले. मी नाव खोडले नाही. नुसते टंकले नाही. कागदावर काहीही खटकत नव्हते, ओळी सरळ होत्या, क्रम बरोबर होता.

थंडीचे दिवस होते. अकरा मुले चपला काढून उंबराखाली उभी, स्तुती दुसऱ्या बेचक्यात बसलेली, पाय खाली सोडून. मुलांनी गर्दी व्हायचे होते, ती त्यांनी मनापासून केली. आशीषने तर एकाला खरोखरच ढकलून पाडले. आमच्यात प्रभूचे काम कोणा मुलाला देत नाहीत. ते शब्द शिक्षक गर्दीच्या मागे उभे राहून बोलतो. मी बोलले, "जक्कया, उतर बघू लवकर. आज मी तुझ्या घरी येणार आहे."

स्तुती हलली नाही. मला वाटले विसरली. मी पुन्हा म्हटले. मुले हसू लागली.

"नाही उतरत," ती वरून म्हणाली.

"का गं?"

"तुम्ही येणार नाही."

मी शिक्षकी समजावणी सुरू केली. हे मी नाही म्हणत बाळा, हे प्रभू म्हणतो, मी फक्त त्याचे शब्द बोलते. तिने ऐकून घेतले. मग फांदीची साल नखाने काढत म्हणाली, "त्याला तरी आमचं घर कसं सापडणार? यादीत नावच न्हाई आमचं."

मुलांचे हसणे थांबले. आशीष आपल्या पायांकडे पाहत होता. ती दोन आठवडे जक्कय व्हायला का मागत होती ते मला तेव्हा कळले. झाड तिला कधीही चढता आले असते. तिला ते एक वाक्य कोणीतरी तिच्याकडे पाहून म्हणायला हवे होते, आणि म्हणून झाल्यावर ते खरे आहे का हेही पाहायचे होते.

मी हातातल्या वहीत पुढची ओळ शोधू लागले. तेवढ्यात भिंतीपलीकडून तात्यांचा आवाज आला, हळू, पण स्पष्ट. "बाई, पोरीला उत्तर द्या की."

"येते," मी म्हणाले.

"कधी?"

"आज. उपासना सुटल्यावर."

"जेवायला का चहाला?"

"चहाला."

तिने थोडा विचार केला आणि उतरली. फ्रॉकला उंबराचा चीक लागला होता. बाकीच्यांनी लगेच आम्हीपण, आम्हीपण सुरू केले. घरी विचारा, मी म्हणाले. उपासनेनंतर फाटकाशी पाच मुले आली, त्यांत आशीष होता. आजीला सांगितलेस का, मी विचारले. "आजी महिला मंडळात बसलीय," तो म्हणाला. हे उत्तर नव्हते. मी उत्तर म्हणून घेतले.

सुनील बनियनवर बसून पंखा दुरुस्त करत होता. दारात मला आणि मुलांना पाहून तो उठला, आणि आशीषला पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं बाई? पोरगीनं काय केलं?"

"काही नाही. चहाला आलोय."

त्याचा विश्वास बसला नाही. तो शर्ट घालून आला तरी उभाच राहिला, तक्रार ऐकायला उभे राहतात तसा. रेखाने शेजारून कप आणले. स्तुतीने दार सताड उघडे ठेवले आणि आई लोटायला गेली तेव्हा पुन्हा उघडले. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही दिसायला हवे होतो. चहा झाला, मुले बिस्किटे खात होती. शेवटी सुनीलच बोलला, आशीषशी.

"आजीचं मशीन चालतं का रं?"

"चालतंय. पायडल वाजतं जरा."

"त्या दिवशी बाहेर ठेवताना दगडाला लागलं. मीच उचललं व्हतं."

"मला माहीत हाय. मी बघितलंय," आशीष म्हणाला आणि बिस्किटाकडे वळला.

शास्त्रातला जक्कय उभा राहून सर्वांसमोर सांगतो की मी ज्यांचे घेतले त्यांना चौपट परत देईन. खरे सांगते, मी तशा काहीतरी वाक्याची वाट पाहत होते. सुनीलने तसे काही केले नाही. त्याने मुलांना पाणी दिले आणि आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

संध्याकाळी सुमनबाई माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. "माझ्या नातवाला मला न इचारता त्या घरात नेलंसा."

मी माफी मागितली. त्या बरोबर होत्या. मग सांगितले की पुढच्या यादीत सुनीलचे नाव घालणार आहे.

"घाला. यादी तुमची हाय. मी तिथं पाय ठेवणार न्हाई."

मी मशीनचे सांगितले, त्याने ते स्वतः उचलून बाहेर ठेवल्याचे. मला वाटले यांना ठाऊक नसेल.

"ठाऊक हाय मला. मशीन उचललं आन मग टपरी पाडली. उचललं म्हणून काय पाडली न्हाई व्हय?"

त्या गेल्यावर मी यादी काढून बसले. 

यादी करताना लक्षात आले की गल्लीच्या क्रमाने सुनीलनंतर सुमनबाईंचेच घर येते. एक ओळ खाली-वर करावी असे बोटांना फार वाटले. केली नाही. सूचनांत नाव वाचले गेले तेव्हा स्तुती बाकावर मागे वळून सगळ्यांची तोंडे पाहत होती. त्या बुधवारी आम्ही नऊजण जमलो. सुमनबाई आल्या नाहीत, त्या आजवर त्या घरी गेलेल्या नाहीत. प्रार्थना झाल्यावर सुनीलने कप गोळा करता करता मला विचारले, पुढचा बुधवार कुणाकडं. मी सांगितले. तो कप हातात धरून उभा राहिला.

"मी आलो तर चालंल का?"

"विचारते," मी म्हणाले. स्तुती आमच्या मध्ये उभी होती.

सुमनबाईंचे मशीन आता त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी आहे. मी विचारले तेव्हा त्यांनी ते थांबवले नाही. पायडल खरेच वाजत होते. शिवण टोकाला नेली, दोरा तोडला, आणि कापडाकडे पाहतच म्हणाल्या, "प्रार्थना मंडळीची हाय. बुधवारी दार उघडंच असतंय." हो की नाही ते मला कळले नाही. सुनीलला मी हेच शब्द जसेच्या तसे सांगितले.

त्या बुधवारी खोली भरून माणसे व्हरांड्यात आली होती. इतकी गर्दी नेहमी नसते. काय होते ते पाहायला आली होती, हे मंडळीच्या अंकात लिहिताना वाईट वाटते, पण खरे आहे. गीत सुरू झाल्यावर ते तिघे आले. रेखा बायकांत बसली. स्तुती माणसांच्या पायांतून वाट काढत माझ्याजवळ आली आणि माझ्या पदराचे टोक तिने मुठीत धरले. सुनील दाराबाहेर चपलांजवळ उभा राहिला. पाळकसाहेबांनी लांब प्रार्थना केली. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हे मी स्वतः शेकडो मुलांना शिकवले आहे. मी मिटले नव्हते. स्तुतीनेही मिटले नव्हते. ती दाराकडे पाहत होती.

चहाचा ट्रे सुमनबाईंनी स्वतः फिरवला. आधी पाळकसाहेब, मग वडीलधारी, मग बायका, मग व्हरांडा. ट्रे दाराशी पोचला तेव्हा त्यावर एक कप उरला होता. सुमनबाई थांबल्या. सुनीलने हात पुढे केला नाही.

"आत या," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात उभं ऱ्हाऊन कुणी चहा पीत न्हाई."

तो आत आला. आशीषने सतरंजीवर सरकून जागा केली आणि तो कडेला, अर्धा फरशीवर, असा बसला. सुमनबाईंनी कप त्याच्यासमोर ठेवला. त्याच्याकडे पाहिले नाही.

"बोलणं मला जमंल तवा जमंल," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. गार व्हतोय."

त्याने कप उचलला, बशीत न ओतता तसाच तोंडाला लावला. तोंड भाजले असणार. मग स्तुतीने माझा पदर सोडला. त्याला इतक्या चुण्या पडल्या होत्या की घरी येऊन मला दोनदा इस्त्री फिरवावी लागली.